ताप आल्याचं सांगता आलं पाहिजे

वाई,
रविवार, दि. ७ मार्च २०२१

चि. समीर यास,


परवा फोनवर तू घाईत होतास, मागे मशिनचा आवाज चालू होता, त्यामुळे बोलणं अर्ध्यावर राहिलं. "आत्या, अजून किती दिवस असं जगायचं?" असं तू चिडून विचारलंस. प्रश्न खरा आहे. दोन मिनिटांत फोनवर उत्तर देण्यासारखा नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

येत्या मंगळवारी पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले त्याला वर्ष होईल. वर्षभर माणूस सारखा सावध राहू शकत नाही, हे मी आरोग्य केंद्रातल्या नोकरीत फार जवळून पाहिलं आहे. क्षयरोगाच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, अंगावर जरा मांस चढतं, आणि रुग्णाला वाटतं, झालो बरा. गोळ्या तिथेच सुटतात. अशा माणसाला केंद्रावर बोलावून दटावलं तर तो पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही. त्याच्या घरी जाऊन बसलं, गोळीनं पित्त होतं की मजुरी बुडते की घरात कुणाला कळू द्यायचं नाही, हे विचारलं, तर गोळ्या परत सुरू होतात. तुला दटावण्यासाठी हे पत्र नाही, हे आधीच सांगते.

सध्या काय चाललं आहे ते तू पेपरात वाचतोसच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला राज्यात रोजचे नवे रुग्ण दोन-अडीच हजारांवर आले होते. या आठवड्यात तो आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला, तुमच्या पुण्यात रात्रीची संचारबंदी आली. "सप्टेंबरमध्ये यायचं ते येऊन गेलं," असं तू म्हणालास. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत जूनमध्ये आली, तेव्हा ती त्यामानानं सौम्य होती. ती ओसरली, लोक कामाला लागले, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ती परत आली तेव्हा मुंबई इलाख्यात माणसं पटापट गेली, त्यातही वीस ते चाळीस वयाची, म्हणजे तुझ्या वयाची, फार. या वेळी तसंच होईल असं मी म्हणत नाही. एकदा ओसरलेली साथ संपलीच असं धरून चालू नये, एवढंच म्हणते.

आता ज्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे, ते तुझंच आहे. युनिटमध्ये काय काय केलंस ते तू अभिमानानं सांगितलंस. गेटवर ताप मोजायचं यंत्र, पायानं दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड, दर शनिवारी शेडमध्ये फवारणी, हजेरीच्या वहीत रोजच्या तापाचा रकाना. आणि मग म्हणालास, "ज्याला ताप, त्याला गेटवरूनच परत पाठवतो आणि खाडा धरतो. त्यामुळे कुणी उगाच सुट्टी घेत नाही."

समीर, तुझ्या त्या खाड्यानं बाकीची सगळी व्यवस्था निकामी केली आहे. तुझ्याकडे नऊ माणसं आहेत. त्यातले बहुतेक भोसरीत एकेका खोलीवर पाच-सहाजण राहतात, संडास चार खोल्यांत मिळून एक. गेल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये त्यांची कमाई बंद झाली, काहीजण गावी गेले, परत आले ते उसनवारी घेऊन. अशा माणसाला पहाटे कणकण वाटली तर तो काय करेल? पॅरासिटामॉलची गोळी घेईल, चहा पिईल आणि आठ वाजता तुझ्या गेटवर उभा राहील. यंत्र ९७ दाखवेल. वहीत ९७ लिहिलं जाईल. तो दिवसभर काम करेल आणि दुपारी इतरांबरोबर डबा खाईल. यात तो माणूस वाईट नाही. तुझ्या नियमानं त्याला खोटं बोलायला लावलं आहे.

शिवाय हा आजार ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू लागतो आणि कित्येकांना ताप येतच नाही. म्हणजे गेटवरचं यंत्र तसंही थोड्याच जणांना पकडणार. तुला खरी खबर एकाच ठिकाणाहून मिळू शकते, त्या माणसाच्या तोंडून. "शेट, काल रात्रीपासून घसा धरलाय," किंवा "माझ्या खोलीवरच्या पोराला वास येत नाही," हे त्यानं आपणहून येऊन सांगितलं पाहिजे. ते सांगितल्याबद्दल त्याचा पगार जाणार असेल तर तो सांगणार नाही. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस भरपगारी, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर विलगीकरणाचे दिवसही भरपगारी, एवढं तू जाहीर करावंस असं मला वाटतं. उगाच सुट्टी घेणारा एखादा निघेल. निघू दे. एकाच्या चार दिवसांच्या पगारापेक्षा नऊही जण एकदम आजारी पडून शेड बंद होणं तुला किती महाग जाईल, हा हिशेब तू माझ्याहून चांगला मांडशील.

हे मी आजच्या अनुभवावरूनच सांगते असं नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हाचा इतिहास तू शाळेत रँडच्या खुनापुरता शिकलास. वॉल्टर रँड पुण्याला येण्याआधी आमच्या साताऱ्यात अधिकारी होता, वाईकरांना त्याचं नाव आधीच ठाऊक होतं. त्याच्या प्लेग समितीनं घरांच्या झडत्यांसाठी गोरे सोल्जर लावले. ते थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, बायकाबापड्यांची तपासणी करत, सामान रस्त्यावर आणून जाळत. उपायामागचं वैद्यकीय कारण काही अंशी बरोबर होतं, रुग्ण वेगळा काढायलाच हवा होता. पण त्या धाकानं लोक रुग्ण लपवू लागले, माणूस मेला तरी बाहेर कळू देईनात. सरकारला साथ दिसेनाशी झाली आणि घराघरात ती पसरत राहिली. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते सगळं तुला माहीत आहेच. त्याच वर्षीचा साथरोग कायदा गेल्या मार्चमध्ये सरकारनं पुन्हा वापरला.

आणि त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत, हडपसरजवळच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथवर आणलं. त्यातूनच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. येत्या बुधवारी त्यांचा स्मृतिदिन आहे. तिथे धाक नव्हता, सेवा होती. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी ज्या साथी पाहिल्या, हगवणीच्या असोत की गोवराच्या, त्या प्रत्येकीत हेच दिसलं. ज्या गावात आशाताईला किंवा सिस्टरला लोक लगेच सांगत, त्या गावात साथ लवकर आवरे.

आता तुझ्या शेडबद्दल. शनिवारची फवारणी बंद केलीस तरी चालेल, तो खर्च वाचव. माणसांवर तर औषध कधीच फवारू नकोस, त्यानं डोळ्यांना आणि कातडीला इजा होते. केंद्र सरकारनं ते करू नका असं गेल्या वर्षीच सांगितलं आहे. हात साबणानं धुवायची सोय असू दे. पण हा आजार मुख्यतः श्वासातून, बोलण्यातून, ओरडण्यातून जातो, आणि तुझ्या शेडमध्ये मशिनच्या आवाजामुळे प्रत्येकजण दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो. तिथे मास्क नाकावर हवा, हनुवटीवर नाही. तू स्वतः घालतोस त्या मास्कला पुढे झडप आहे. तिच्यातून तुझा श्वास न गाळता थेट बाहेर पडतो, म्हणजे तू मालक सुरक्षित आणि समोरचा कामगार उघडा. तो मास्क बदल. तीन पदरी सुती कापडाचा चांगला असतो, तसे प्रत्येकाला दोन-तीन शिवून दे, म्हणजे रोज धुतलेला मिळेल.

सर्वांत धोक्याची जागा तुमची डबा खायची खोली. खिडकी एक, तीही बंद, नऊजण मांडीला मांडी लावून, मास्क खिशात, गप्पा रंगलेल्या. दोन पाळ्या करा आणि बाहेर पत्र्याखाली बसा. उन्हाळा आहे, एक पंखा लावून दे. एवढ्यानं जे साधेल ते गेटवरच्या यंत्रानं साधणार नाही.

घरचंही तेच. वहिनी भाजी साबणाच्या पाण्यात बुडवते, पेपर उन्हात ठेवते, दुधाची पिशवी पुसते, आणि मग भिशीच्या बायकांबरोबर बंद हॉलमध्ये दोन तास बसते. तिला हसू नकोस. गेल्या वर्षी जे सांगितलं गेलं ते ती बिचारी निष्ठेनं करते आहे. भाजीला साधं पाणी पुरे, आणि भिशी गच्चीवर भरवा, एवढं तिला समजावून सांग. सकाळी तळजाईवर मोकळ्यावर एकटं चालताना तिनं मास्क काढला तर तिच्यावर कुणी खेकसू नये. सगळीकडे सारखीच धास्ती बाळगली की माणूस थकतो, आणि थकला की नेमकी जिथे काळजी घ्यायला हवी तिथेच सोडून देतो. तुझी चिडचिड मला त्यातलीच वाटते.

दादा आणि वहिनी दोघंही साठीच्या पुढची. १ मार्चपासून त्यांच्या वयाला लस खुली झाली आहे. सरकारी केंद्रात मोफत, खासगीत अडीचशे रुपये. आधार कार्ड घेऊन तू स्वतः त्यांना घेऊन जा. मी माझा पहिला डोस इथल्या सरकारी दवाखान्यात घेतला, रात्री थोडं अंग दुखलं, बाकी काही नाही. दादाला शंका आहे की लस इतक्या लवकर कशी तयार झाली. त्याला हाफकिनची गोष्ट सांग. मुंबईत प्लेग आल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. आताच्या लसीचा दुसरा डोस २८ दिवसांनी, आणि त्यानंतरही दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. लस घेतली म्हणून दादा दुसऱ्याच दिवशी मित्रांच्या कट्ट्यावर जाणार असेल तर त्याला थांबव.

घरात एक ऑक्सिमीटर असू दे. कुणी आजारी पडलंच तर दिवसातून तीन-चारदा बघायचं. सहा मिनिटं घरातल्या घरात चालायला लावून पुन्हा बघायचं. आकडा ९४च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनहून जास्त उतरला, तर दम लागलेला नसला तरी त्याच दिवशी दवाखाना. या आजारात ऑक्सिजन कमी झालेला माणूस बऱ्याचदा शांतपणे बोलत बसलेला असतो, म्हणून घरचे गाफील राहतात.

आपल्या मीनलच्या साखरपुड्याबद्दल. हॉलवाला दीडशे माणसांचं जमवून देतो म्हणतो, हे तू सांगितलंस. जमवू नकोस. गेल्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. लालबागला गेल्या वर्षी राजाची मूर्ती बसली नाही, त्या जागी रक्तदान झालं. आमच्या मांढरदेवीची यात्राही यंदा भरली नाही. ज्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे चुकवलं नव्हतं त्यांनी मन घट्ट केलं. आपल्याला तर एक दुपार लहान करायची आहे. अंगणात करा, पंधरा-वीस माणसं बोलवा, बाकीच्यांना पेढे घरपोच पाठवा. मी येणार नाही, दुसरा डोस झाल्यावर मीनलला आणि जावयांना इकडे जेवायला बोलावीन. त्यावरून वहिनीनं रुसू नये म्हणून मी तिलाही वेगळं लिहिते आहे.

आणि तुमच्या सोसायटीत गेल्या वर्षी जे झालं ते पुन्हा होऊ देऊ नकोस. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्स मुलीला लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं, कामवाल्या मावशींचा पगार कापला, पॉझिटिव्ह आलेल्या कुटुंबाच्या दाराशी कुणी दूधही ठेवेना. त्यानंतर त्या इमारतीत किती जणांनी तपासणीच टाळली असेल याचा विचार कर. यंदा तू कमिटीवर आहेस. कुणाच्या घरी आजार निघाला तर त्याच संध्याकाळी त्यांच्या दाराबाहेर दोन वेळचा डबा ठेवायची व्यवस्था लाव, बेल वाजवून चार पावलं मागे उभं राहा आणि काय हवं ते विचार.

किती दिवस, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुझ्या वयाच्या लोकांना लस मिळेपर्यंत तरी हे चालवावं लागेल, असं धरून चल.

उद्या सोमवार आहे. शेड उघडल्यावर सगळ्यांना बाहेर बोलाव आणि भरपगारी रजेचं स्वतःच्या तोंडानं सांग, नोटीस लावून सोडून देऊ नकोस. आजवर धरलेले तापाचे खाडे या महिन्याच्या पगारात भरून दे. झालं की मला फोन कर, मी वाट बघते.

दादाला आणि वहिनीला नमस्कार, मीनलला आशीर्वाद.

तुझी,
आत्या