खोलीखोलीने भाडे: हातात किती उरते?

बंगळुरू, हैदराबाद, पुणे यांसारख्या शहरांत अनेक विद्यार्थी आणि नोकरदार अख्खे घर न घेता एक खोली किंवा एक कॉट भाड्याने घेतात. म्हणून 'फ्लॅट घ्या, पीजी चालवा, दुप्पट भाडे मिळवा' असा सल्ला बचतदारांना वारंवार मिळतो. भाडे जास्त येते हे खरे आहे. पण जमा होणारे भाडे वेगळे आणि हातात उरणारी रक्कम वेगळी. हा फरक कसा काढायचा ते या पाठात पाहू.

उदाहरण (आकडे केवळ समजण्यासाठी)

फ्लॅटची किंमत ६० लाख रुपये, मुद्रांक शुल्क व नोंदणी ४ लाख, कॉट, गाद्या, कपाटे वगैरे ३ लाख. एकूण गुंतवणूक ६७ लाख रुपये.

तीन खोल्यांत ६ कॉट, प्रत्येकी महिना ७,००० रुपये. वर्षाचे भाडे ५,०४,००० रुपये, म्हणजे गुंतवणुकीच्या साडेसात टक्के. जाहिरातीत दाखवतात तो हाच आकडा. आता यातून वजा करा:

- प्रत्येक कॉट वर्षात सरासरी दोन महिने रिकामी: ८४,०००
- वीज, पाणी, इंटरनेट: ७२,०००
- साफसफाई व देखरेख: ८४,०००
- सोसायटीचा मेंटेनन्स व घरपट्टी: ६०,०००
- दुरुस्ती, रंग, नव्या गाद्या: ३६,०००

एकूण वजावट ३,३६,००० रुपये. उरले १,६८,००० रुपये, म्हणजे सुमारे अडीच टक्के. प्राप्तिकर अजून धरलेला नाही.

तुलना करा

हाच फ्लॅट सामान न भरता एका कुटुंबाला महिना १८,००० रुपयांनी दिला आणि वर्षात एक महिना रिकामा राहिला, तर १,९८,००० रुपये मिळतात. मेंटेनन्स, घरपट्टी आणि दुरुस्तीचे ७२,००० वजा केल्यावर उरतात १,२६,०००. म्हणजे पीजीची जादा कमाई वर्षाला ४२,००० रुपये. तेवढ्यासाठी ३ लाखांचे सामान आणि रोजची धावपळ आपल्याला मान्य आहे का, ते ठरवा.

कर्ज असेल तर

४५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३९,००० रुपये येतो. वरील हिशेबाने भाड्यातून महिन्याला उरतात १४,०००. बाकीचे २५,००० दरमहा पगारातून किंवा बचतीतून भरावे लागतील. पुढे घराची किंमत वाढेलही, पण त्या आशेवर आजचा हप्ता भरता येत नाही.

रिकाम्या खोल्यांची जोखीम

२०२० च्या टाळेबंदीत नोकरदार आणि विद्यार्थी गावी परतले आणि अनेक शहरांतील पीजी ओस पडले. राजस्थानातील कोटा शहरात कोचिंगसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घटली, तेव्हा तिथल्या अनेक वसतिगृहांना भाडे कमी करावे लागले. आपल्या उदाहरणात वर्षभर तीनच कॉट भरल्या, तर भाडे येईल २,५२,००० रुपये. खर्चही जवळपास तेवढाच. वीज-पाण्यात थोडी बचत होईल, इतकेच. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. ज्या घराचे भाडेकरू एकाच कंपनीवर किंवा एकाच कोचिंग क्लासवर अवलंबून आहेत, तिथे ही जोखीम सर्वात मोठी.

पैसे दुसऱ्याच्या हाती देताना

'घर आम्ही चालवतो, तुम्ही फक्त पैसे द्या, दरमहा ठरावीक भाडे घ्या' अशा योजनाही असतात. अनेकांकडून पैसे गोळा करून परताव्याचे वचन देणाऱ्याकडे सेबीची किंवा संबंधित नियामकाची नोंदणी आहे का, ते आधी तपासा. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. शंका आल्यास रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

विसार देण्यापूर्वी

- पीजी चालवण्यास सोसायटीची आणि पालिकेची परवानगी लागते का, ते विचारा.
- शेजारच्या दोन-तीन पीजींत आज किती कॉट रिकाम्या आहेत, ते स्वतः जाऊन पाहा.
- प्रत्येक राहणाऱ्याशी लेखी करार करा आणि पोलिसांना माहिती द्या.
- भाडेकरूंची अनामत वेगळ्या खात्यात ठेवा. ती परत द्यायची असते.
- किमान सहा हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवा.

स्वाध्याय: वरील तक्त्यात आपल्या भागातील आकडे घाला. मग निम्म्या कॉट रिकाम्या धरून तेच गणित पुन्हा करा. दुसऱ्या उत्तरानंतरही घरखर्च आणि हप्ता निभावत असेल, तरच पुढचे पाऊल टाका.