तोंडाचा कर्करोग : श्रद्धा आणि सोबत

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत कर्करोगावर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. संपादक मंडळाने आग्रह केला तेव्हा मलाही क्षणभर तसेच वाटले. पण आपल्या मंडळातल्या दोन कुटुंबांनी हा आजार कोणालाही न सांगता काढला, हे मला नंतर कळले. आरतीला ती माणसे दिसेनाशी झाली आणि आपण समजलो की भारतात गेली असतील. म्हणून हे लिहिणे.

तीन वर्षांपूर्वी दाताच्या डॉक्टरांकडे नेहमीच्या तपासणीला गेले असताना त्यांना माझ्या जिभेच्या डाव्या कडेला एक पांढरट, कडक चट्टा दिसला. बायॉप्सी झाली आणि निदान आले. मी तंबाखू, मिश्री, पान यांतले काहीही कधी खाल्लेले नाही. जिभेचा कर्करोग अशा लोकांनाही होतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. ओळखीच्या एका बाईंनी मात्र फोनवर विचारले, "काय हो, मागच्या जन्मीचं काही असेल का?" त्या मनाने वाईट नाहीत. पण आपल्या लोकांत हा प्रश्न इतका सहज विचारला जातो की त्याचे उत्तर आधी द्यायला हवे.

रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला होता. १८८५ मध्ये त्रास सुरू झाला आणि १६ ऑगस्ट १८८६ रोजी काशीपूरच्या बागेतल्या घरात त्यांनी देह ठेवला. ज्यांचे सारे आयुष्य देवीच्या सान्निध्यात गेले, त्यांच्याही घशाखाली पेज उतरेना. तेव्हा नरेंद्राने, म्हणजे पुढे विवेकानंद झालेल्या तरुणाने, त्यांना गळ घातली की थोडे खाता यावे एवढे तरी देवीकडे मागा. त्यांनी मागितले. देवीने सगळ्या शिष्यांकडे बोट दाखवून म्हटले की तू इतक्या तोंडांनी जेवतोच आहेस ना, असे त्यांनी नंतर सांगितले. आजार हा पापाचा हिशेब असता तर तो त्यांच्या वाट्याला कशाला आला असता? आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती मुले आळीपाळीने गुरूच्या उशाशी बसत, आणि त्या शुश्रूषेतच त्यांच्यातला बंधुभाव पक्का झाला.

आता उपचारांविषयी. शस्त्रक्रियेत माझ्या जिभेचा रोगट भाग काढून तिथे मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसकट बसवली. मानेतल्या गाठी काढल्या. मग सहा आठवडे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार, एकूण तीस वेळा. आपल्या गावाकडे याला 'लाईट देणे' म्हणतात. पेंडल हिलला गाडीत बसायचे, वेंटवर्थव्हिल गेले की वेस्टमीड. दोनच स्टेशने! पहिल्या पंधरवड्यात मी एकटीही जात असे. चौथ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटून निघाले, लाळ चिकट दोरीसारखी झाली, आणि नाकातून घातलेल्या नळीने दूधपाणी सुरू झाले. रेडिएशन संपल्यावर लगेच बरे वाटेल ही माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यानंतरचे दोन आठवडे सर्वांत कठीण असतात. हे घरच्यांनीही आधी माहीत करून घ्यावे, म्हणजे त्यांचा धीर नेमका तेव्हाच सुटत नाही.

रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा घालून तो टेबलाला अडकवतात. डोके तसूभरही हलता कामा नये म्हणून तो असतो. पहिल्या दिवशी मला गुदमरल्यासारखे झाले. आपल्या शास्त्रात जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला मोठ्याने, दुसरा ओठांतल्या ओठांत, आणि तिसऱ्यात ओठही हलत नाहीत. त्यांत मानस जप श्रेष्ठ मानला आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत सर्व यज्ञांमध्ये जपयज्ञ म्हणजे मी, असे म्हणतात. वर्षानुवर्षे हे प्रवचनांत ऐकले होते. मुखवट्याखाली मला तिसऱ्या प्रकाराखेरीज दुसरा पर्यायच नव्हता. साधारण एक माळ मनात पुरी होईतो यंत्राचा आवाज थांबत असे. जपाने रोग बरा झाला असे मी म्हणणार नाही. रोग शल्यविशारदांनी आणि किरणांनी काढला. जपाने मी त्या टेबलावर तीस वेळा निजू शकले.

नवस, उपास, अंगारा, काढा यांविषयी बरेच सल्ले आले. देवळात कोणी आपल्यासाठी अभिषेक केला तर मन भरून येते, जरूर करावा. पण उपचार चालू असताना उपास करू नये. वजन घटले की चेहऱ्याचा मुखवटा सैल होतो आणि तो पुन्हा बनवावा लागू शकतो. काढा, भस्म काहीही घ्यायचे तर आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि आधी काढा घेऊन बघू, मग शस्त्रक्रिया, असे तर मुळीच नाही.

सोबतीचा अर्थ मला एका श्रीलंकन तमिळ गृहस्थांनी शिकवला. आमच्या भागात तमिळ वस्ती भरपूर आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्यांची अशीच शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झाली होती. नर्सने दोघांची संमती घेऊन गाठ घालून दिली. ते आले, खुर्चीवर बसले, आणि सांत्वनाचा एक शब्दही न बोलता खिशातून बिस्किट काढून चहात बुडवून माझ्यासमोर खाल्ले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितले होते की खाता येईल; ते तेव्हा पटले. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि दर आठवड्याला एक काडी वाढवायची, म्हणजे जबडा आखडत नाही, हा व्यायामही त्यांनीच करून दाखवला. रात्री उशाशी पाण्याची बाटली आणि ओले फडके ठेवा, ही सूचना कोणत्याही पुस्तिकेत मला सापडली नाही.

बोलण्याच्या बाबतीत तर गंमतच झाली. रुग्णालयातली स्पीच पॅथॉलॉजिस्ट मुलगी फार गुणी होती, पण तिचे सगळे धडे इंग्रजी उच्चारांचे. माझे अडले होते ट, ठ, ड, ण आणि सर्वांत जास्त ळ. जीभ टाळूकडे वळवल्याशिवाय हे उच्चार होत नाहीत, आणि माझ्या जिभेला वळणच उरले नव्हते. इंग्रजीत ळ नाही, त्यामुळे त्या मुलीला काय हरवले तेच कळेना. तमिळमध्ये मात्र ळ आहे! या गृहस्थांना न सांगताच उमगले. ते त्यांचे शब्द म्हणत, मी माझे : कमळ, मंगळ, तळ्यात मळ्यात. आमचे यजमान दारात उभे राहून हसत. आजही माझा ळ थोडा ल सारखाच येतो. आरतीत तो खपून जातो.

आपल्याकडचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण श्री. शरद पवार यांचे. २००४ साली लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत त्यांना तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन घेत त्यांनी केंद्रातले कृषिखाते सांभाळले. एका डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत सांगितल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. २०२४ च्या निवडणुकीतही ते प्रचाराला फिरत होते. त्यांच्याच पक्षातले श्री. आर. आर. पाटील मात्र याच रोगाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गेले. राजकारण बाजूला ठेवून सांगते, पवारांनी हा आजार लपवला नाही, सुपारी-गुटख्याच्या सवयीविषयी उघड बोलले, याचा महाराष्ट्रातल्या रुग्णांना फार आधार वाटला असणार.

मुंबईत परळला १९४१ पासून टाटा रुग्णालय आहे. गावोगावचे रुग्ण तिथे येतात आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. त्यांच्यापैकी अनेकांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. देवळे बांधण्याच्या भरीस ते पडले नाहीत. नाकात नळी घातलेला माणूस तिथे कोणाला वेगळा वाटत नाही. शेजारच्या खाटेवरचाही तसाच असतो. आपल्याला इथे रुग्णालय उत्तम मिळते, पण रुग्ण घरी एकटा असतो. ती धर्मशाळा आपल्याला घराघरांतून उभी करावी लागेल.

सुपारीविषयी थोडे. तंबाखूशिवायचे पान आणि नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. पूजेत सुपारीचा गणपती मांडावा, जेवणानंतर बडीशेप घ्यावी. तोंडातली जखम, पांढरा वा लाल चट्टा, गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेना, तर लगेच दाखवावे. केरळमध्ये आरोग्यसेवकांनी नुसते डोळ्यांनी तोंड तपासण्याचा मोठा प्रयोग झाला होता. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांचे तोंडही एकदा उजेडात बघून घ्यावे. आमच्या पिढीच्या आयांना मिश्रीची सवय असते आणि त्या सांगत नाहीत.

कोणाला निदान झाले असेल तर कॅन्सर कौन्सिलच्या १३ ११ २० या क्रमांकावर फोन करावा; आधी १३१ ४५० वर दुभाषी मागितला तर मराठीतही बोलता येते का ते विचारावे. त्याच आजारातून गेलेल्या माणसाशी गाठ घालून मिळेल का, हेही तिथे विचारता येते. रेडिएशनपूर्वी दात तपासून घ्यावेत, कारण नंतर दात काढणे जबड्याच्या हाडाला धोक्याचे असते.

आणि रुग्णाकडे डबा नेणाऱ्यांसाठी : मुगाचे वरण न्यावे, पण फोडणी देऊ नये. हिंग चालतो, मिरची नको, लिंबू-टोमॅटो नको. मऊ भात तूप घालून मिक्सरमधून काढावा, वाटल्यास वर दूध. गरम नेऊ नये, कोमट न्यावे. आग्रह करू नये. डबा ठेवून अर्धा तास बसावे; रुग्णाला बोलवत नसेल तर आपणच गावाकडच्या बातम्या सांगाव्यात.