उभ्या मोटारीची राखण

मुलांनो, कोकणातील अनेक तरुण बोटीवर नोकरीस जातात व कित्येक महिने घरी परतत नाहीत. मागे त्यांची कष्टाच्या पैशांतून घेतलेली मोटार उभी असते. उभी वस्तू झिजत नाही, असे आपणांस वाटते. पण दमट हवेत हातब्रेक चिकटून बसतो, बॅटरीतील वीज हळूहळू संपते, उंदीर तारा कुरतडतात. म्हणून जाणता मालक गाडी पक्क्या छपराखाली सपाट जागी ठेवतो, चाकांना दगडांची अटकण लावून हातब्रेक सैल सोडतो आणि बॅटरीची तार सोडवून ठेवतो. मग दारांस कुलूप घालून किल्ली विश्वासू शेजाऱ्याच्या स्वाधीन करतो. कुलूप चोरास अडविते. उंदरास व गंजास नाही. तेथे शेजाऱ्याची जागती नजरच राखण करते.