बँडपथकाची वाद्ये आणि विमा

बंगळूरूच्या शिवाजीनगरात दरवर्षी ८ सप्टेंबरला सेंट मेरी बॅसिलिकेची रथयात्रा निघते. अशा गर्दीत बँडपथकाच्या वाद्यांना खरा धोका वादनाच्या वेळी नसतो. तो नंतर, टेम्पोत सामान चढविताना असतो. तेव्हा एकाने गाडीपाशीच थांबावे.

घरफोडीच्या विम्यात सामान्यतः नोंदलेल्या जागेत बळाने शिरून केलेली चोरीच धरतात; रस्त्यावरून उचललेला ट्रंपेट त्यात बसत नाही. त्यासाठी ‘ऑल रिस्क’ विमा हवा. त्यातही राखणीविना सोडलेल्या गाडीतील चोरी बहुधा वगळलेली असते. ते कलम सहीपूर्वी वाचावे. कर्जाने घेतलेले वाद्य बँकेकडे नजरगहाण असते आणि ते चोरीस गेले तरी हप्ते चालूच राहतात. फिर्यादीसाठी व दाव्यासाठी बिल, छायाचित्र आणि वाद्यावर कोरलेल्या क्रमांकाची नोंद घरी ठेवावी. वाद्याच्या पेटीत ठेवल्यास पेटीबरोबर तीही जाते.