ताऱ्याच्या उजेडात दडलेला सोबती

पावसाळ्याच्या तोंडी अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदऱ्याच्या रानात झाडे काजव्यांनी लखलखतात. परंतु तेथे एखादी गॅसबत्ती जळत असेल, तर तिच्या शेजारचा काजवा आपणांस मुळीच दिसत नाही. बत्ती तळहाताने झाकावी, म्हणजे तो दिसू लागतो. आकाशातील एक मोठा शोध याच युक्तीने लागला.

हायड्रोजनचे हेलियम होताना निघणाऱ्या ऊर्जेने तारे तेजाळतात. परंतु ज्या वायुगोलाचे वस्तुमान सूर्याच्या आठ शतांशांहूनही कमी असते, त्याच्या गर्भातील ही भट्टी पेटून टिकत नाही. असे गोल असावेत, असे गणित भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६३ मध्ये मांडले. पुढे त्यांना ‘तपकिरी बटू’ हे नाव पडले. रंगाने मात्र ते तपकिरी नसतात! जन्माची ऊब गमावीत ते मंद होत जातात. म्हणूनच तीस वर्षे असा एकही गोल निर्विवादपणे हाती लागला नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ साली जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी व त्यांचे सहकारी कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेतून जवळच्या ताऱ्यांचे सोबती शोधीत होते. दुर्बिणीत ताऱ्याचे बिंब चकतीने झाकून ते भोवतालचा काळोख तपाशीत. ऑक्टोबर १९९४ मध्ये शशक तारकासमूहातील, सुमारे १९ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ग्लीझ २२९ या ताऱ्याजवळ त्यांना एक अंधुक ठिपका दिसला.

त्यांनी घोषणेची घाई केली नाही. तो ठिपका म्हणजे त्याच दिशेला, परंतु फार दूर असलेला एखादा परका तारा असता तर? ग्लीझ २२९ आकाशात अगदी हळू सरकतो. खरा सोबती त्याच्याबरोबर सरकेल, परका मागे राहील. हे कळण्यास सुमारे एक वर्ष थांबणे भाग होते, आणि एवढा मोठा शोध हाती आला असता गप्प राहणे काही सोपे नव्हे. १९९५ मध्ये ठिपका ताऱ्याबरोबरच सरकलेला आढळला. त्याच्या प्रकाशात मिथेन वायूची खूणही मिळाली. ताऱ्याच्या उष्णतेत मिथेन टिकत नाही. अर्थात हा तारा नव्हता.

पुढे एक कोडे उभे राहिले. या बटूचे वस्तुमान गुरू ग्रहाच्या सुमारे ७० पट भरले; मग तो इतका मंद कसा? २०२४ मध्ये चिलीतील दुर्बिणींच्या वेधांतून उलगडा झाला. तो एक नसून दोन बटू आहेत. एक गुरूच्या सुमारे ३८ पट, दुसरा ३४ पट. आणि दर १२ दिवसांनी ते एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात.