लत्तलूरच्या भावकीने शिकवलेलं

राष्ट्रकूटांचं मूळ गाव लातूर, हे आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. इतिहास शिकवता शिकवता मी या घराण्याच्या मागे लागलो आणि त्याच्या शाखा धुंडाळत गुजरात-कर्नाटकापर्यंत गेलो. त्यातून जे उमगलं ते असं.

१. गावाच्या मोठेपणाचा पुरावा परगावी असतो.
लातुरात राष्ट्रकूटांचा वाडा बघायला आलेले पाहुणे हिरमुसतात. सिद्धेश्वराचं देऊळ झालं, पापविनाशकाचं झालं, की विचारतात, ‘पण राजे राहायचे कुठं?’ त्यांना मी कर्नाटकात धाडतो. तिथल्या शिरूर आणि नीलगुंदच्या इ.स. ८६६च्या शिलालेखांत सम्राट अमोघवर्षाला लत्तलूर नगरीचा स्वामी म्हटलं आहे. हे लत्तलूर म्हणजे आपलं लातूर, असं अ. स. अळतेकरांनी १९३४च्या आपल्या ग्रंथात मांडलं आणि अभ्यासकांत तेच मत रूढ झालं.

२. बिरुद म्हणजे सातबारा नव्हे.
अमोघवर्षाची राजधानी होती मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. बिरुदावरून पूर्वजांचं गाव कळतं, राजाचा मुक्काम नाही. युरोपातल्या हाब्सबुर्ग घराण्याचंही असंच. ज्या गढीवरून नाव पडलं, ती स्वित्झर्लंडमधली गढी १४१५ साली हातची गेली. पण व्हिएन्नाचे सम्राट १९१८ साली राज्य जाईपर्यंत तेच नाव मिरवत होते.

३. थोरल्या घराची खबर धाकट्या पातीकडे मिळते.
राष्ट्रकूट राजा गोविंद तिसऱ्याने लाट देश, म्हणजे दक्षिण गुजरात, भाऊ इंद्राच्या हवाली केला. इंद्राचा मुलगा कर्क याचा इ.स. ८१२चा ताम्रपट बडोद्याला सापडला. वेरूळचं कैलास कृष्ण पहिल्याने करवलं, याचा मोठा आधार हाच पत्रा. देऊळ पाहून विमानातून जाणारे देव थक्क झाले आणि खुद्द कारागिरालाही आपण हे कसं केलं याचं नवल वाटलं, असं त्यात वर्णन आहे. वेरूळचा कर्ता गुजरातच्या चुलत घराने सांगितला!

४. ताम्रपट शेवटाकडून वाचावा.
राष्ट्रकूट ताम्रपट म्हणजे सहसा कडीत ओवलेले तांब्याचे तीन पत्रे, कडीवर बहुधा गरुडाची मुद्रा. सुरुवातीला पूर्वजांची स्तुती, त्यात प्रत्येक जण जग जिंकणारा. ती भाटगिरी समजून जपून घ्यावी. खाली दान दिलेल्या गावाची चतुःसीमा येते: पूर्वेला अमुक गाव, दक्षिणेला नदी. तिथे थाप चालत नाही, कारण शेजारी गप्प बसत नाही. जुन्या इनामाच्या कागदांनाही मी हीच कसोटी लावतो.

५. भावकी अडीनडीला धावते आणि मग भांडते.
८१४ साली अमोघवर्ष पोरवयात गादीवर आला. बंडाळीत गादी डळमळली, ती सावरायला गुजरातचा कर्क धावला. पुढच्या पिढीत याच दोन घरांत तलवारी निघाल्या आणि तंटा वर्षानुवर्षं चालला. मराठवाड्यात बांधावरून चालणारे दावे पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही.

६. राज्य बुडतं, कुळी राहते.
९७३ साली चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता मोडली. पण सौंदत्तीचे रट्ट, चालुक्यांचे मांडलिक असूनही, स्वतःला राष्ट्रकूटांच्या कुळीचे म्हणवत आणि लत्तलूरचंच बिरुद लावत. पुढे त्यांनी बेळगावला बस्तान हलवलं. तिथल्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर चौथ्या कार्तवीर्य रट्टाच्या प्रधानाने १२०४च्या सुमारास उभारलं. बेळगावला जाल तेव्हा छतातलं दगडी कमळ मान वर करून बघा. लातूरचं नाव सांगणाऱ्यांची खूण म्हणून एवढी देखणी वास्तू आपल्याकडेही नाही.

७. आजच्या सीमा जुन्या घराण्याला लावू नयेत.
राष्ट्रकूटांचे लेख कन्नड आणि संस्कृतात आहेत, हे सांगितलं की आमच्याकडे काहींचे चेहरे पडतात. अमोघवर्षाच्या दरबारातल्या ‘कविराजमार्ग’ या ग्रंथात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. म्हणजे लातूर त्यात आलंच. यात कमीपणा कसला? नांदेड जिल्ह्यात कंधारचा जगत्तुंग तलाव आजही गोविंद तिसऱ्याचं बिरुद सांभाळतो आणि त्याचं पाणी मराठी बोलणारेच पितात.

८. नाव जुळलं म्हणून नातं जोडू नये.
राठोड म्हणजे राष्ट्रकूट, अमुक देशमुख म्हणजे त्यांचेच वंशज, असं ठासून सांगणारे भेटतात. मी एकच विचारतो: मधल्या पिढ्यांचा कागद दाखवा.

आणि असा कागद तुमच्या माळवदाच्या घरात, पेटीच्या तळाशी असेल, तर मोडी वाचता येत नाही म्हणून तो रद्दीत घालू नका. आधी फोटो काढा, जाणकाराकडून वाचून घ्या, एक प्रत चुलत घरीही द्या. थोरल्या घरची प्रत हरवली, तर वंशावळ तिथेच सापडेल.