किडनीची वाट बघताना

सोन्या, पथ्यपाणी आणि गोळ्या डॉक्टर सांगतीलच. मनाचं कुणी फाइलमध्ये लिहून देत नाही. डायलिसिसच्या खुर्चीवर बरीच वर्षं काढलेल्या आत्याचं म्हणून हे ऐक.

१. डायलिसिस झालं त्या संध्याकाळी कुठलाही निर्णय घेऊ नकोस, भांडणही उकरून काढू नकोस — अंगातलं त्राण गेलेलं असतं आणि थकवाच निराशेच्या तोंडून बोलतो. खुर्ची चार तासांची, तिला घरभर फिरवू नये.

२. सकाळी उठल्या उठल्या हातावरच्या फिस्टुलावर बोटं ठेव, थरथर लागते ना बघ — लागली की दिवसभराची धास्ती संपली. नाही लागली तर तडक सेंटरला फोन. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको, भाजीची जड पिशवी तर मुळीच नको.

३. दिवसाचं ठरलेलं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेव — घोटाघोटाचा हिशेब करत बसलास की डोक्यात दुसरं काही शिरत नाही. आणि ती लोणच्याची बरणी खाली ठेव, मला दिसतंय! मिठाने तहान वाढते, तहानेने वजन. मग जास्तीचं पाणी काढताना पायात गोळे येतात, बीपी उतरतं आणि पुढच्या वेळी जायचीच भीती बसते.

४. यादीतला नंबर रोज विचारू नकोस — यादी रक्तगटाप्रमाणे असते, डायलिसिसवर किती काळ गेला यासारख्या गोष्टींचे गुण धरतात. विचारून ती सरकत नाही. तुझ्या हातातलं तेवढं कर: तपासण्या ताज्या ठेव, फोन चार्ज ठेव, घरातल्या आणखी एकाचा नंबर देऊन ठेव.

५. फोन आला म्हणजे किडनी मिळालीच असं धरू नकोस — एका किडनीसाठी एकाहून जास्त जणांना बोलावतात आणि क्रॉसमॅच जुळलं नाही तर परत पाठवतात. त्या दिवशी घरी येऊन पोटभर रड. तुला कुणी नाकारलेलं नसतं, तुझ्या रक्ताशी त्या किडनीचं जमलेलं नसतं.

६. 'मला किडनी देशील का' असं घरात कुणाला चारचौघांत विचारू नकोस — नाही म्हणायची वाट मोकळी असली तरच होकार खरा. डॉक्टरांना किंवा ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला सगळ्यांशी बोलू दे. आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको हे १९९४ च्या कायद्यापासून जवळचे नातेवाईक. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदलही करता येते. आणि आई स्वतःहून पुढे आली तर लगेच 'तुझी नको' म्हणू नकोस. आधी तिच्या तपासण्या होऊ देत.

७. शेजारच्या खुर्चीवरचे काका एखाद्या दिवशी येत नाहीत. टेक्निशियन 'गावाला गेलेत' म्हणतो, चादर बदलतो, त्याची नजर मशीनवरून हलत नाही. तेव्हा तू मान फिरवू नकोस. नाव घेऊन विचार, जमलं तर त्यांच्या घरी फोन कर — न विचारलेलं दुःख रात्री झोपेत घुसतं. त्यांचं हृदय, त्यांची साखर, त्यांचं वय वेगळं होतं. त्यांचं झालं ते आपलं ठरलेलं नाही, हे मनाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. सांग.

८. तब्येत विचारणाऱ्या दहा जणांना 'बरी आहे' म्हण, एकाला मात्र खरं सांग — गिळलेलं रडू पचत नाही.

९. झोप येत नाही, खाज सुटते, कशातच जीव रमत नाही, हेही नेफ्रॉलॉजिस्टला सांग. मनाने दुकानातून गोळी आणू नकोस — आपल्याला औषधाचा डोस वेगळा लागतो. 'आता पुरे' असं वाटलं तर डायलिसिस बुडवू नकोस, त्याच दिवशी घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोल. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात.

१०. 'किडनी मिळाल्यावर करू' म्हणून ठेवलेल्या कामांतलं एक याच आठवड्यात कर — मोजलेलं पाणी पुरतं, मोजत बसलेले दिवस पुरत नाहीत. भाचीच्या बारशाला जा. काय चालतं ते वहिनीला आदल्या दिवशीच कळव, म्हणजे ताटावर आग्रह होणार नाही.

रविवारी मला फोन कर. बोलायला काही नसलं तरी कर.